सरकारी गोल्फ मैदान: काळे, लाल की पिवळे?

लेक-जावई अमेरिकेत आणि अज्जा-अज्जी चार-सहा महिन्यांसाठी तिकडे, हे आता आपल्या बेळगाव-निपाणीकडे नवे राहिलेले नाही. रविवारी जावई गोल्फला निघतो आणि सासरे ‘हा साहेबलोकांचा खेळ, आपलं काय काम’ म्हणून टीव्हीपुढे बसतात. आपल्याकडची बहुतेक मैदाने क्लबांची नाहीतर लष्कराची, तेव्हा असे वाटणे साहजिकच. (दिल्लीत लाडो सरायला डीडीएने सर्वांसाठी मैदान काढले आहे, तो अपवाद.)

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर मात्र बेथपेज स्टेट पार्क आहे. तिथे एकाच आवारात अठरा होलची पाच मैदाने आहेत, सगळी राज्य सरकारची. शुल्क भरावे आणि खेळावे. १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकारांना काम मिळावे म्हणून यातली बरीचशी बांधणी झाली. मैदानांना नावे रंगांची: काळे, लाल, निळे, हिरवे, पिवळे.

काळ्याची कीर्ती सर्वांत मोठी. पहिल्या टी-जवळ पाटीच लावली आहे, की हे मैदान अतिशय अवघड असून निष्णात खेळाडूंनीच यावे! २००२ ची यूएस ओपन इथे झाली, तेव्हा पारपेक्षा कमी फटक्यांत संपवणारा एकटा टायगर वूड्स होता. २०२५ चा रायडर कपही इथलाच. या मैदानावर गाडी मिळत नाही, चढ-उतार पायीच तुडवायचे. तरीही जागा मिळावी म्हणून लोक वाहनतळावर गाडीतच रात्र काढतात. हौसेला मोल नाही, पण गुडघ्याला आहे. साठी उलटलेल्यांनी काळ्याच्या नादी लागू नये, असे माझे स्पष्ट मत.

लाल मैदान त्याच्या खालोखाल कठीण. पहिलाच होल लांब आणि चढाचा. निळ्याचे पहिले नऊ होल दमवतात, पुढचे सुसह्य. हिरवे सर्वांत जुने. सरकारने घेण्याआधी ते खासगी क्लबचे होते. १९५८ चे पिवळे सर्वांत सौम्य. नवशिक्याने आधी पिवळे, मग हिरवे खेळावे. माझ्या हिशेबी पैसा, वेळ आणि आनंद तिन्ही मोजले तर पहिला नंबर पिवळ्याचा, कीर्ती काळ्याची असली तरी.

मैदाने तोलायची एक शास्त्रीय रीतही आहे. स्कोअरकार्डवर दोन आकडे असतात. ‘कोर्स रेटिंग’ म्हणजे तरबेज खेळाडूला साधारण किती फटके लागतील ते. ‘स्लोप’ म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्याला तेच मैदान त्याच्यापेक्षा किती जड जाईल ते. स्लोप ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो, ११३ प्रमाण मानतात. काळ्याचा मागच्या टी-वरून वरच्या टोकाजवळ जातो. हे आकडे प्रत्येक टी-साठी वेगळे असतात, स्त्रियांसाठीही वेगळे. त्यामुळे ‘मैदान अवघड आहे का?’ या प्रश्नाला कोणासाठी आणि कुठल्या टी-वरून, हे विचारल्याशिवाय उत्तर नाही. जावयाने परस्पर मागची टी निवडली तर सासऱ्यांनी खुशाल पुढची मागावी. त्यात कमीपणा काही नाही.

एक गोष्ट खटकते. राज्यातल्या रहिवाशांना आरक्षण आधी करता येते आणि काळ्यावर बाहेरच्यांना जास्त शुल्क पडते. कर ते भरतात, म्हणून सवलतही त्यांना, हे पटते. पण पाहुण्याच्या खिशाला ते जाणवतेच. बाकीच्या चार मैदानांवर गाडीही मिळते, हे विसरू नका.

न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवरून फार्मिंगडेलची लोकल धरायची, साधारण तासाभराचा प्रवास, तिथून टॅक्सी. ज्यांना खेळायचे नाही त्यांच्यासाठी त्याच पार्कमध्ये सहलीची जागा आणि झाडीतल्या पायवाटा आहेत. अज्जींनी डबा बांधून न्यावा, अठरा होल संपायला चार-पाच तास सहज लागतात.