चंदा कुणाचा, आमदार कुणाचा?

तुमसरच्या बाजारात धान विकताना काटा पाहिल्याशिवाय आम्ही पोते उचलू देत नाही. निवडणुकीत मात्र उमेदवारामागे पैसा कुणाचा, हे आम्ही सहसा विचारत नाही.

1954 मध्ये भंडारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि समाजवादी अशोक मेहता उभे होते. जागा दोन होत्या. मेहता निवडून आले, बाबासाहेब हरले. नुसती योग्यता पुरत नाही, हे आमच्या जिल्ह्याने तेव्हाच पाहिले. प्रचाराला माणसे लागतात, पैसा लागतो.

आज विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा 40 लाख रुपये आहे. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. 2018 पासून निवडणूक रोख्यांमुळे देणाऱ्याचे नाव जनतेपासून झाकले जात होते. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली. मतदाराचा माहितीचा हक्क मान्य केला. तरी 20,000 रुपयांपर्यंतच्या देणगीदाराचे नाव पक्षाने कळवण्याचे बंधन नाही.

ज्याने थैली दिली, त्याचे काम आधी होते. म्हणून ज्याचे विचार पटतात, त्याला घरखर्चातून शंभर रुपये द्यावेत आणि पावती घ्यावी. मतासाठी मात्र कुणाचा पैसाही घेऊ नये.

निकालानंतर 30 दिवसांत उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. जुम्याच्या नमाजनंतर चहा घेताना, घरी दस्तरखानावर उमेदवारांची चर्चा होतेच. त्यात एवढाच प्रश्न वाढवू या : याचा चंदा कुठून आला?