इंजिन ठोकते, ते काय सांगते?

भिवंडीत यंत्रमागांची खटखट ऐकू येते. मागावरच्या कामगाराला ती सवयीची असते. पण तिचा ताल जरासा बिघडला, की त्याचा कान टवकारतो. तो माग थांबवतो. आधी बिघाड पाहतो, मग पुढचे काम करतो.

सूत, कापड आणि गोदामातला माल वाहणाऱ्या पिकअप गाड्याही इथे पुष्कळ. गाडीवाल्याचा कान मागावरच्या कामगारासारखाच हवा. कित्येकांची गाडी कर्जाची असते. गाडी उभी राहिली, तरी हप्ता काही उभा राहत नाही.

समजा, गाडी गोदामापाशी उभी आहे. इंजिन चालू आहे, पण रेस दिलेली नाही. आणि आतून ठक् ठक् असा आवाज येतो. तेव्हा काय करावे?

थोडा आवाज असायचाच

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमध्ये दट्ट्या हवा दाबतो. दाबलेली हवा तापते. सायकलला हवा भरताना पंपाचे बूड गरम लागते ना, तसेच. इंजिनातली हवा तर इतकी तापते, की तिच्यात डिझेल फवारताच ते पेटते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली असे इंजिन नीट चालवून दाखवले. त्याचेच नाव इंजिनाला आणि तेलाला पडले.

डिझेल पेटायला उशीर झाला, तर ते साठते आणि एकदम भडकते. त्याचा ठोका ऐकू येतो. थंड इंजिनात असे जास्त होते. म्हणून सकाळी थोडी खडखड झाली आणि इंजिन गरम होताच ती कमी झाली, तर घाबरू नये. पण आवाज नवा असेल, वाढत असेल, किंवा गरम झाल्यावरही जात नसेल, तर शोध घ्यावा.

पहिले काम : ऑइल पाहा

इंजिन बंद करा. गाडी सपाट जागी असू द्या. पाचदहा मिनिटे थांबा. ऑइल मोजायची पट्टी काढा, पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि काढून पाहा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. कमी असेल, तर गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच ऑइल घाला. मग ते गेले कुठे, ते शोधा. खड्ड्यात चेंबरला दगड लागून ऑइल गळत असेल. ऑइल दुधासारखे पांढरट दिसले, तर त्यात पाणी शिरले असे समजा. मग इंजिन चालू करू नका.

ऑइलमुळे आतले लोखंड एकमेकांवर घासत नाही. रेस नसते तेव्हा ऑइलचा पंप हळू फिरतो. गरम ऑइल पातळही होते. त्यामुळे दाब उतरतो आणि झिजलेली बेअरिंग बोलू लागतात. इंजिन चालू असताना ऑइलचा लाल दिवा लागला, तर त्याच क्षणी इंजिन बंद करा.

आवाज कुठून येतो?

ऑइल ठीक आहे, लाल दिवाही नाही, तर इंजिन थोडाच वेळ चालू करून ऐका. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा. गळ्यातला गमछा काढून ठेवा. पट्टा आणि पंखा यांच्यापासून हात दूर ठेवा.

१. वरून हलका टिक् टिक् आवाज येतो : टॅपेटचे अंतर वाढले असेल. फिटर ते मापाने बसवून देतो. काही इंजिनांत टॅपेट ऑइलच्या दाबाने आपोआप जुळते. तिथे ऑइल जुने, घाण झाले आहे का, ते पाहावे.

२. कडक ठोका येतो, धूरही जास्त निघतो : नोजल बिघडले असेल, किंवा डिझेल खराब असेल. आधी डिझेल फिल्टरमधले पाणी काढावे. मग नोजल तपासून घ्यावे.

३. क्लच दाबताच आवाज बदलतो : दोष क्लचकडे किंवा गिअरबॉक्सकडे शोधावा.

४. सगळी गाडी थरथरते, इंजिन बंद करताना धक्का बसतो : इंजिनाखालचे रबर तुटले असेल. ते बदलावे.

५. खालून जड ठक् ठक् येते, रेस देताच वाढते : हे बेअरिंगचे लक्षण. इंजिन बंद करा. गाडी ओढूनच गॅरेजला न्या. वेळेवर थांबलात, तर कदाचित बेअरिंग बदलून भागेल. तशीच चालवलीत, तर क्रँक खराब होतो. रॉड तुटला, तर इंजिनच फोडतो.

इथे हात घालू नका

जुन्या गाड्यांत फिटर नोजलच्या पाइपचा नट ढिला करून कोणता सिलिंडर ठोकतो ते शोधत. नव्या कॉमन रेल गाडीत असे कधीही करू नका. तिथे डिझेलचा दाब हवेच्या दाबाच्या हजारपटीहून जास्त होऊ शकतो. ती बारीक धार कातडी भेदून आत शिरते. अशी गाडी फिटर कॉम्प्युटर लावून तपासतो.

फिटरला काय सांगाल?

"मिस्त्री, आवाज येतोय, बघा जरा," एवढ्याने भागत नाही. असे सांगा : "मिस्त्री, कालपासून आवाज येतोय. इंजिन गरम झालं की वाढतो. खालून येतो. क्लच दाबला तरी तसाच राहतो. ऑइल खालच्या खुणेवर आलं होतं." यावरून मिस्त्रीला दिशा मिळते. नको ते खोलायचा खर्च वाचतो.

आता तुम्हांला लिहिता येते. गाडीत एक वही ठेवा. ऑइल कधी बदलले, किती किलोमीटरवर बदलले, आवाज कधी सुरू झाला, ते तारखेसह लिहा. पुढच्या वेळी गॅरेजला जाताना ती वही बरोबर न्या.