उसळणारे मूल, खचलेले मूल

नव्या करारातील कलस्सैकरांस पत्र आणि इफिसकरांस पत्र ही दोन्ही पौलाच्या नावाने ओळखली जातात. ती मुलांना आईबापांच्या आज्ञेत राहण्यास सांगतात आणि लगेच बापांकडे वळून मुलांना चिडीस आणू नये असेही बजावतात. ज्या रोमन साम्राज्यात ही पत्रे वाचली गेली, तेथील कायद्याने कुटुंबप्रमुख बापाला मुलांवर आयुष्यभराची सत्ता दिली होती आणि मुलगा प्रौढ झाला तरी त्याची मिळकत बापाचीच मानली जाई, हे ध्यानात घेतले की बापालाच मर्यादा घालणारी ही ओळ किती धीट होती ते कळते.

कलस्सैकरांस पत्र या मनाईचे कारणही देते : मुले खचू नयेत. येथील मूळ ग्रीक क्रियापद ‘अथुमेओ’ असे आहे. ‘थुमॉस’ म्हणजे अंतःकरणातली धग. माणसाला भांडायला लावणारी तीच आणि कामाला लावणारीही तीच, आणि आरंभीच्या ‘अ’ने ती विझल्याचा अर्थ होतो. संतापी मूल आणि कशातच मन न घालणारे मूल ही पालकांना दोन वेगळी दुखणी वाटतात. परंतु वारंवार डिवचलेले मूल आधी उसळते आणि उसळूनही काही बदलत नाही असे दिसले की गप्प पडते, हा क्रम या एका शब्दात सामावलेला आहे. अशा मुलाला आणखी टोचून त्याची उमेद परत येत नाही. इफिसकरांस पत्र त्यासाठी ‘पैदेया’ म्हणजे शिस्तीसह घडवणूक आणि ‘नौथेसिया’ म्हणजे शब्दशः मनात ठेवणे, अर्थात समजूत घालणे, असे दोन शब्द योजते. जुन्या करारातील ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकातली छडीची वचने पुष्कळ पालकांना आठवतात, ही ओळ मात्र विसरली जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

या ओळीचे मोल संत ऑगस्टीनच्या चरित्रात दिसते. इ.स. 354 मध्ये उत्तर आफ्रिकेतील थागास्ते येथे जन्मलेल्या ऑगस्टीनने ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात लिहिले आहे की शाळेत बसणाऱ्या माराला त्याचे आईवडीलही हसत. सोळाव्या वर्षी, पुढील शिक्षणासाठी बाप पैसे जमवीत असताना, तो घरी रिकामा बसला आणि टोळक्याबरोबर शेजारच्या झाडाची पेअरची फळे भूक नसताना चोरून त्याने डुकरांपुढे टाकली; बापाला मात्र मुलाच्या वक्तृत्वाखेरीज कशाची चिंता नव्हती. पुढे तो प्रकाश व अंधार या दोन आदितत्त्वांना मानणाऱ्या मानी पंथात गेला, तेव्हा आई मोनिकाने प्रथम त्याला घरात घेण्याचे नाकारले, पण एका स्वप्नानंतर पुन्हा आपल्या पंक्तीला बसवले. मुलाशी वाद घालावा म्हणून तिने एका बिशपला गळ घातली. बालपणी स्वतः त्याच पंथात वाढलेल्या त्या बिशपने, मुलाला सध्या तसेच राहू द्यावे, प्रार्थना करावी, वाचता वाचता त्याचे त्यालाच कळेल, असा सल्ला दिला. मोनिकाने पाठ फिरवली नाही; ती समुद्र ओलांडून मुलामागे मिलानला गेली आणि 387 मध्ये तेथे बिशप अँब्रोज यांच्या हातून झालेला त्याचा बाप्तिस्मा तिने पाहिला.

त्याच वेळी ऑगस्टीनचा किशोरवयीन मुलगा अदेओदातुस याचाही बाप्तिस्मा झाला. हा मुलगा अल्पायुषी ठरला, परंतु ‘गुरूविषयी’ या ग्रंथात बापाने त्याच्याशी केलेला दीर्घ संवाद टिकून आहे. त्यात मुलाच्या तोंडी घातलेले सर्व विचार त्याचे स्वतःचेच असून तेव्हा तो सोळाव्या वर्षात होता, अशी साक्ष ऑगस्टीनने ‘कन्फेशन्स’मध्ये दिली आहे.