उन्हाचें मोजमाप

जालना जिल्ह्यांत रब्बीच्या पिकांस पाणी लागतें तें हिंवाळ्यांत. सौर पंपाची कसोटीही तेव्हांच लागते. उन्हाचें माप चटक्यावरून ठरत नाहीं. तें मोजणाऱ्या यंत्रांत कांचेच्या घुमटाखालीं काळी चकती असते. ती तापून सूक्ष्म वीज उत्पन्न होते व प्रकाशाचें प्रमाण सांगते.

२२ डिसेंबरच्या माध्यान्हीं सूर्य जालन्यास क्षितिजापासून सुमारें ४७ अंश वर असतो. दूर उत्तरेस, नॉर्वेंतील ऑस्लो शहरीं, अवघा ७ अंश. तिरपे किरण अधिक जागेवर पसरतात. म्हणून वातावरणांतील घट सोडली तरी तेथील सपाट भूमीस जालन्याच्या सुमारें षष्ठांशच प्रकाश मिळतो.

जालन्याचे अक्षांश सुमारें २०. पॅनेल तितकेच अंश दक्षिणेकडे कलतें ठेविल्यास त्या माध्यान्हीं सपाट पॅनेलपेक्षां चतुर्थांशानें अधिक प्रकाश पडतो. शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोंचण्यास तेवढाच आधार होतो.