चिखलाच्या ओढीनं घर हलवावं का?

आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण आपल्या बेसा-पिपळा भागातल्या निदान एका घरात तो सध्या रोज रात्री जेवताना निघतो.

आम्ही काही जणी गाडी चालवतो ती फक्त मुलांना शाळेत सोडायला आणि भाजी आणायला नाही. रविवारी पांदणीतून, नाल्याच्या काठानं, खडकाळ माळावरून गाडी नेण्याचा आम्हाला छंद आहे. याला ऑफ-रोडिंग म्हणतात. म्हणजे रस्ता नाही तिथून, चारही चाकांना ताकद देणारी गाडी सावकाश आणि सांभाळून बाहेर काढायची. आमच्यातल्या एकीकडे जुनी जिप्सी आहे. तिच्या नवऱ्याला नोकरीत सिंधुदुर्गला बदलीचा पर्याय आला आहे आणि महिनाअखेर होकार किंवा नकार कळवायचा आहे. बेशातला फ्लॅट विकायचा की ठेवायचा, सासूबाईंना तिकडची दमट हवा मानवेल का, मुलीची शाळा मध्येच बदलायची का, असे सगळे प्रश्न त्यात आले. आणि तिचं स्वतःचं मन मात्र एकाच गोष्टीवर आहे: "तिकडे पाऊस तिप्पट, म्हणजे गाडी चालवायची मजाही तिप्पट."

या हिशेबात कुठे गफलत आहे, ते आज समजून घेऊ.

पहिली गोष्ट पावसाची. नागपूरला वर्षाला साधारण ११०० मिलीमीटर पाऊस पडतो. सिंधुदुर्गात ३००० च्या आसपास, आणि आंबोलीला तर ७००० च्या घरात. आकडा मोठा आहे, यात वाद नाही. पण हा पाऊस वर्षभर पडत नाही. तिकडेही तो जून ते सप्टेंबर याच चार महिन्यांत येतो. म्हणजे पाऊस तिप्पट झाला तरी चिखलाचे महिने तिप्पट होत नाहीत. तेवढ्याच दिवसांत तो जास्त जोरानं कोसळतो, इतकंच. नोव्हेंबर ते मे तिथलीही जमीन कोरडीच असते.

आणि जोरानं कोसळणारा पाऊस गाडी चालवू देतोच असं नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण शहर पाण्याखाली गेलं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला आणि त्याच्यासोबत एसटीच्या दोन बसगाड्याही. जुलै-ऑगस्टमध्ये घाट बंद होतात, झाडं पडतात, वीज जाते. आपण झडी लागली की दोन दिवस घरात बसतो. तिकडे हे आठवडा-आठवडा चालतं. म्हणून तर कोकणातल्या बायका मे महिन्यातच आगोटीची बेगमी करतात: लाकूडफाटा, मसाले, सुकी मासळी, पापड, सगळं पावसाआधी घरात भरून ठेवतात.

शिवाय "पावसाचा प्रदेश" म्हणजे नेमकं कुठे, हेही पाहावं लागतं. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस होतो, आणि तिथून वीसेक किलोमीटर पूर्वेला असलेल्या पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी. घाटमाथा ओलांडला की पाऊस झपाट्यानं घटतो. तेव्हा जिल्ह्याचं नाव पाहून ठरवू नका, गाव पाहा.

दुसरी गोष्ट मातीची. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चिकट होते. टायरच्या खाचांमध्ये भरून बसली की टायर गुळगुळीत होतो आणि गाडी फसते. बैलबंडी जिथे फसते तिथे जिप्सीही फसते. कोकणात खाली जांभा दगड आणि वर तांबडी, मुरमाड माती. तिच्यातून पाणी लवकर निचरतं, त्यामुळे पाऊस थांबल्यावर वाट लवकर चालू होते. पण दगडावर शेवाळ चढतं, आणि जांभ्याच्या धारदार कडा टायरच्या बाजूला कापतात. काळ्या चिखलात गाडीचा वेग तुटू न देणं कामी येतं. शेवाळलेल्या दगडावर उलट आहे: लो रेंजमध्ये, म्हणजे चाकं हळू पण जास्त ताकदीनं फिरतील अशा गिअरमध्ये, अगदी मुंगीच्या पावलानं जावं लागतं. इथे कमावलेला हात तिथे तसाच चालत नाही. नव्यानं शिकावं लागतं, आणि शिकताना सोबत दुसरी गाडी लागते. नव्या गावात अशी सोबत जमायला वर्ष जाऊ शकतं.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि ही जिवाशी आहे. २०२० साली आलेल्या नव्या थारची पाण्यातून जायची मर्यादा कंपनी ६५० मिलीमीटर सांगते. ही मर्यादा संथ पाण्याची. वाहतं पाणी दोन फूट, म्हणजे ६०० मिलीमीटरच्या आसपास असलं, तर मोठी गाडीसुद्धा वाहून जाऊ शकते. लहान कारला एक फूट पुरतो. कोकणातले ओढे उतारावरचे असतात. वर डोंगरात सर आली की खाली ऊन असतानाही पाणी चढतं. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवायची नाही. इंजिनात शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे आतला दांडा वाकतो आणि इंजिन कामातून जातं. असं नुकसान साध्या विम्यात बहुधा मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. शर्यतीत किंवा स्पर्धेत गाडी उतरवली तर साधा विमा लागू होत नाही, हेही पॉलिसीत वाचून घ्या.

चौथी गोष्ट: चालवणार कुठे? मोबाईलवर हिरवे सडे आणि मोकळे समुद्रकिनारे दिसतात आणि जीव तिकडे ओढतो. पण सडा म्हणजे ओसाड माळ नव्हे. पावसाळ्यात तिथे अशी रानफुलं येतात जी दुसरीकडे सहसा दिसत नाहीत. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत. २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत. त्यांच्यावरून एकदा टायर गेला तर झिजलेली रेघ परत येत नाही. किनाऱ्याचं म्हणाल तर वेळाससारख्या गावांच्या वाळूत समुद्री कासवं अंडी घालतात, आणि भरतीच्या वेळी ओल्या वाळूत फसलेली गाडी काढायला वेळ उरत नाही. गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी नेण्यावर कायद्यानं बंदी आहे. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरता येत नाही, मग ते आपलं उमरेड-कऱ्हांडला असो की तिकडचं कोयना. उरते खाजगी जमीन, मालकाला विचारून. कोकणात एका सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं असू शकतात, तेव्हा एका भावानं हो म्हटलं तरी दुसरा अडवू शकतो. इथे आपल्याला ओळखीच्या शेतकऱ्याची पांदण मिळते, ती वर्षानुवर्षांच्या ओळखीमुळे.

पाचवी गोष्ट देखभालीची. खारी, दमट हवा पत्र्याला खाते. गाडी खालून दर पावसाळ्याआधी गंजरोधक लावून घ्यावी लागते, आणि प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्यानं धुवावी लागते. कपाटातल्या साड्यांना बुरशी येते ती वेगळीच. कागदपत्रांचं सोपं आहे: महाराष्ट्रातच गेलात तर गाडीचा नंबर तोच राहतो, पत्ता बदलल्याचं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं. गोव्यासारख्या दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर मात्र नवी नोंदणी करावी लागते.

मग जाऊच नये का? तसं आम्ही म्हणत नाही. कोणाला तो हिरवा मुलूख, ती माणसं, ते जेवण मनापासून आवडत असेल, घरच्यांचाही होकार असेल, तर खुशाल जावं. फक्त छंदासाठी घर हलवू नये, कारण छंद वर्षातले वीस-पंचवीस रविवार मागतो आणि घर तीनशे पासष्ट दिवस. स्वयंपाक, आजारपण, शाळा, वाळत न घातलेले कपडे, हे सगळं त्या उरलेल्या दिवसांत येतं, आणि त्याचा मोठा भाग आपल्याच वाट्याला येतो.

ठरवण्याची एक सोपी रीत आम्ही सुचवतो. त्या गावात दोनदा राहून या. एकदा मे महिन्यात, घामाच्या धारा लागतात आणि विहिरी तळ गाठतात तेव्हा. एकदा जुलैच्या मध्यात, निदान दहा दिवस, आणि त्यातले दोन-तीन दिवस गाडीला हात न लावता. सासूबाईंना सोबत न्या. जवळचा दवाखाना किती दूर आहे आणि ओढा चढला की तिथे पोचता येतं का, हे शेजारणीला विचारा. दोन्ही वेळा मन टिकलं तर अकरा महिन्यांच्या करारावर भाड्यानं राहा. बेशातला फ्लॅट तोवर विकू नका, भाड्यानं द्या. एक पावसाळा काढल्यावर विकायचा की नाही ते आपोआप कळेल.

आणि बदली घ्यायची नसेल, तर पाऊस आपल्याला परका नाही. समृद्धी महामार्ग बेशाजवळच शिवमडक्यापासून सुरू होतो. सकाळी लवकर निघालं तर दिवसाउजेडी इगतपुरीला पोचता येतं, आणि तिथला पाऊस आपल्या कितीतरी पट आहे. या महामार्गावर दुचाकीला मात्र मनाई आहे. आठ दिवसांची सुट्टी, दोन गाड्या, चार मैत्रिणी, एवढ्यात वर्षाची हौस भागते.

आमच्या मैत्रिणीनं बदलीच्या अर्जावर अजून सही केलेली नाही. या जुलैत ती सासूबाईंना घेऊन सावंतवाडीला दहा दिवस राहायला जाणार आहे, आणि साहेबांकडून उत्तरासाठी ऑगस्टपर्यंत मुदत मागितली आहे.

तुमच्या घरीही असा प्रश्न असेल तर आधी वही घ्या आणि दोन रकाने पाडा: गाडीचे दिवस आणि घराचे दिवस. दोन्ही प्रामाणिकपणे भरा, आणि मग घरच्यांसमोर ठेवा.