पहिल्या भेटीला रिकाम्या हाताने

गटात नवा माणूस आला की त्याला सगळ्यात आधी एकच नियम सांगतात. पहिल्या भेटीला काही न्यायचं नाही. तांदूळ नाही, फळं नाहीत, बिस्किटाचा पुडासुद्धा नाही. जायचं, बसायचं, दिलं तर पाणी प्यायचं आणि ऐकायचं. नव्या माणसाला हे पचत नाही. गरिबाच्या घरी जायचं आणि तेही हात हलवत? पण पिशवी घेऊन गेलं की सगळं बोलणं त्या पिशवीभोवती फिरतं. समोरचा माणूस आभार मानायच्या घाईत असतो आणि खरी अडचण तशीच राहून जाते. रिकाम्या हाताने गेलं की आधी दोघंही अवघडतात, मग हळूहळू विषय निघतात. सिलिंडर संपलाय. मुलीची शाळा सुटलीय. नवऱ्याचा मृत्यूचा दाखलाच काढलेला नाही.

वसई पश्चिमेच्या एका धर्मग्रामातला हा गट संत विन्सेंट दि पॉल सोसायटीचा. रविवारी सकाळची मिस्सा संपली की चर्चमागच्या एका खोलीत तो जमतो. निवृत्त मुख्याध्यापक, इस्पितळात नोकरी केलेली नर्स, रिक्षा चालवणारे एक जण, दादरला फुलं घेऊन जाणाऱ्या दोन बायका, बँकेतले एक अधिकारी. काही महिने मी त्यांच्या बैठकांना बसलो आणि त्यांच्यामागून घरोघरी फिरलो. चर्चमधली समाजसेवा म्हटली की नाताळातलं ब्लँकेटवाटप आणि स्टेजवर उभ्या पाहुण्यांचा फोटो डोळ्यासमोर येतो. इथे फोटोला सक्त मनाई आहे. एकदा एका उत्साही तरुणाने किराण्याच्या पिशवीसह एका आजींचा फोटो मोबाइलवर काढला, तेव्हा अध्यक्षबाईंनी तो तिथल्या तिथे पुसायला लावला. मला ते फार आवडलं.

बैठकीची रीत ठरलेली आहे. प्रार्थना, छोटं वाचन, मागच्या बैठकीचं इतिवृत्त, मग घरभेटींचे अहवाल. अहवालात कुटुंबाचं नाव घेत नाहीत, नंबर घेतात. खोलीच्या खिडक्या आवारात उघडतात आणि आवारात अख्खं गाव उभं असतं. शेवटी एक कापडी पिशवी फिरते, तोंडाला नाडी असलेली. प्रत्येकाने मूठ मिटून आत घालायची आणि उघडी बाहेर काढायची. कोणी पाचशे टाकले, कोणी दहा, कोणी काहीच नाही, हे शेजारी बसलेल्यालाही कळू नये म्हणून ही युक्ती. गटातल्या काहींची स्वतःचीच ओढाताण असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. फुलांचा भाव पडलेल्या आठवड्यात त्या बायकांची मूठ रिकामी गेली असेल, तरी ती जाते इतरांसारखीच.

ही पद्धत वसईत जन्मलेली नाही. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने काही सोबत्यांना घेऊन हे काम सुरू केलं. आदल्याच वर्षी शहरात कॉलऱ्याने थैमान घातलं होतं. चर्चने पूर्वी काय काय केलं ते पुरे, आज तुम्ही काय करताय, असा टोमणा वादसभेत एका सहाध्यायाने मारला होता आणि तो बोचला होता. पण करायचं कसं, हे या पोरांना ठाऊक नव्हतं. ते शिकवलं रोझाली रेंडू नावाच्या सिस्टरने. गरीब वस्तीत कित्येक वर्षं राहिलेली ही बाई. तिने त्यांना कोणाच्या घरी जायचं ते सांगितलं आणि हातात पाव-कोळशाच्या चिठ्ठ्या ठेवल्या.

ती चिठ्ठी अजून चालते. वसईतल्या या गटाचं गावातल्या एका किराणा दुकानदाराशी ठरलेलं आहे. कुटुंबाला महिन्याची चिठ्ठी मिळते, त्यावर रक्कम असते, वस्तू नसतात. महिनाअखेरीस खजिनदार बिल चुकते करतात. पूर्वी गट स्वतःच पिशव्या भरायचा आणि सगळ्यांना सारखंच द्यायचा : जाडा तांदूळ, तूरडाळ, गव्हाचं पीठ, तेलाची पिशवी, साखर, चहा पावडर. मग लक्षात यायला लागलं, की एका घरी साखर साठून राहते, कारण म्हातारा-म्हातारी दोघांनाही मधुमेह. दुसऱ्या घरी डाळ शिजवायला गॅसच नाही. ज्या आजीला दात नाहीत तिला रवा आणि पोहे हवे होते. तीन मुली वयात आलेल्या एका घरी सगळ्यात मोठा खर्च सॅनिटरी पॅडचा होता आणि तो कोणाला सांगायची त्या आईची हिंमत झाली नव्हती. भेटीला दोन बायका गेल्या तेव्हा ते कळलं. आता चिठ्ठीवर कोणी काय घ्यायचं ते घरचे ठरवतात. दारू आणि तंबाखू सोडून काहीही, असं दुकानदाराला सांगून ठेवलंय. एका बाईने एका महिन्यात केसांचा रंग घेतला, त्यावर बैठकीत बरीच चर्चा झाली. नर्सबाई म्हणाल्या, "घरकाम मागायला जाते ती. पांढरे केस बघून लोक परत पाठवतात." चर्चा तिथेच संपली.

मदत घेणारी सगळी कुटुंबं ख्रिस्ती नसतात. वसईच्या वाड्यांमधून शेतावर कामाला आलेली जव्हार-मोखाड्याकडची आदिवासी कुटुंबं आहेत, भाड्याच्या खोल्यांत राहणारे परप्रांतीय आहेत. हल्ली शेजारीपाजारी विचारतात, हे लोक कशाला येतात? शंका हवेतच आहे आणि ती या दारातही येते. गटाचा नियम असा, की ख्रिस्ती नसलेल्या घरी प्रार्थना म्हणायची नाही, पत्रक द्यायचं नाही, तसबीर द्यायची नाही. दोघांनीच जायचं या जुन्या नियमाचाही इथे उपयोग होतो. एकटा माणूस काय बोलला, काय दिलं, याला साक्षीदार नसतो. दोघं असले की असतो. शिवाय एक बोलतो तेव्हा दुसऱ्याला घर दिसतं : पाण्याचा हंडा भरलेला आहे का, चूल आज पेटली होती का, पोर दिवसाढवळ्या झोपलंय का.

अशाच एका भेटीला मी मुख्याध्यापक आणि रिक्षावाले काका यांच्याबरोबर गेलो. वाडीच्या कडेला पत्र्याची खोली, बाहेर माठ, आत एक विधवा मावशी आणि दोन नाती. रेशन मिळत नव्हतं. कार्ड होतं, पण जव्हारकडचं. कार्ड तिकडचं, धान्यही तिकडेच घ्या, असं तिला एका दुकानात सांगितलं गेलं होतं. सर म्हणाले, "मावशी, आता तसं नाही. एका गावचं कार्ड दुसऱ्या गावी चालतं." त्यांनी दुसऱ्याच दिवशी तिला सोबत नेलं. कार्ड मशिनवर दिसलं, पण अंगठा उठेना. आयुष्यभर माती उपसलेल्या आणि तण काढलेल्या हाताच्या रेषा घासून गेलेल्या. एक बोट, दुसरं बोट, पदराने पुसून पुन्हा पहिलं. मागे रांग कुरकुरायला लागली. "धुवून या," दुकानदार म्हणाला. ती नळावर जाऊन धुवून आली. तरी नाही. सरांनी शांतपणे विचारलं, घरातल्या आणखी कोणाचं नाव कार्डावर आहे? मोठ्या नातीचं होतं. तिचा अंगठा एका झटक्यात उठला. पण त्यासाठी पोरीची अर्ध्या दिवसाची शाळा बुडाली, आणि दर महिन्याला बुडणार हे उघड होतं. आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्याने द्यायला नेणं हे पुढचं काम ठरलं आणि ते सरांच्या वहीत गेलं.

सरांची ती वही हा या गटाचा खरा ठेवा, असं माझं मत झालं. तिच्यात पैशांचा हिशेब थोडा, कागदपत्रांचा जास्त. कोणाचं उत्पन्नाच्या दाखल्याचं काम तलाठ्याकडे अडलंय, कोणाचा हयातीचा दाखला द्यायचाय, कोणाच्या आधारवर जन्मतारीख चुकलीय. निराधार विधवेला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून महिना १५०० रुपये मिळू शकतात. पासष्टी ओलांडलेल्या निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे. पण त्यासाठी वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो, म्हणजे महिन्याला १७५० रुपये. वसईत एवढ्यात एका खोलीचं भाडंही निघत नाही. जो माणूस या आकड्यावर खरोखर जगतो तो अर्ज करायला तहसील कचेरीपर्यंत पोचेल कसा, हा प्रश्न ज्यांनी आकडा ठरवला त्यांना पडला नसावा. पोचवायचं काम मग रिक्षावाले काका करतात, मीटर न टाकता.

दवाखान्याच्या बाबतीतही असंच. डिस्चार्जच्या दिवशी रडत फोन येतो, बिल भरायला पैसे नाहीत. पूर्वी गट वर्गणी काढून भरायचा. आता नर्सबाई आधी तीन प्रश्न विचारतात. रेशनकार्ड कोणत्या रंगाचं? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हा उपचार बसतो का? रुग्णालय धर्मादाय आहे का? महाराष्ट्रात धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हे दाखल होतानाच मागायचं असतं; बिल हातात आल्यावर मागितलं तर काउंटरवरचा माणूस खांदे उडवतो. बाई वॉर्डात जाऊन हे मागतात, आणि चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला सहसा कोणी उडवून लावत नाही. गटाचे पैसे त्यानंतर जे उरतं त्याला. तेही रोख हातात देत नाहीत, औषधाच्या दुकानाला किंवा रुग्णालयाला देतात.

हे वाचून कोणी म्हणेल, मग ही सगळी कारकुनीच झाली. झालीच आहे, आणि तिच्याशिवाय मदत वाया जाते हे विन्सेंट दि पॉल यांना फार पूर्वी कळलं होतं. १६१७ साली ते फ्रान्समधल्या शातियों गावी धर्मगुरू होते. गावाबाहेरच्या एका घरात सगळेच आजारी पडलेत, असं त्यांनी प्रवचनात सांगितलं. दुपारी ते स्वतः निघाले तर वाटेवर माणसांची रीघ. जो तो अन्न घेऊन निघालेला. एका दिवसात इतकं अन्न आलं की बरंचसं नासणार, आणि दोन दिवसांनी घर पुन्हा उपाशी. त्यांनी मग गावातल्या बायकांना जमवून पाळ्या लावल्या आणि नियम लिहिले. त्यांतला एक नियम मला पाठच झालाय. जेवण द्यायला निघालात की ज्यांच्याजवळ कोणी आहे त्यांच्याकडून सुरुवात करायची आणि जे एकटे आहेत त्यांच्याकडे शेवटी जायचं, म्हणजे तिथे जास्त वेळ बसता येतं.

वसईत या एकट्यांची संख्या वाढते आहे आणि ते पत्र्याच्या खोलीत राहत नाहीत. वाडी विकली, त्या पैशांतून बंगला झाला, मुलं आखातात किंवा कॅनडात गेली. आता तीन खोल्यांत एक म्हातारी आणि टीव्ही. या घरांचीही वहीत नोंद आहे, पण पुढे चिठ्ठीची रक्कम नाही. आधी गटात मतभेद होते : ज्यांच्या दारात गाडी उभी आहे त्यांच्याकडे आपण कशाला? फुलवाल्या बाईंनी मुद्दा सोडला नाही. त्या पहाटेच्या लोकलने जातात, दुपारी परततात आणि येताना एका आजींकडे डोकावतात. मीही एकदा सोबत होतो. आजींनी फ्रिजमधून पाण्याची बाटली काढली आणि पहिल्या घोटाआधीच सांगायला सुरुवात केली : कालपासून उजव्या डोळ्यापुढे काळं दिसतंय, मुलाला फोनवर सांगितलं नाही, उगाच घाबरेल. बाईंनी तिथूनच नर्सबाईंना फोन लावला.

तरुण पोरं या गटात टिकत नाहीत, ही इथली मोठी तक्रार. माझं मत थोडं वेगळं आहे. जुलै २०१८मध्ये वसई पाण्याखाली गेली, वीज गेली, लोकल बंद पडल्या, तेव्हा गुडघाभर पाण्यातून शिजवलेलं अन्न पोचवणारी बहुतेक तरुणच होती, वहीवाले नव्हते. त्यांना धावपळ जमते, एका दिवसाची. प्रत्येक आठवड्याला त्याच दारात तीच रडगाणी ऐकणं त्यांना जमत नाही आणि त्याचा फार राग धरण्यात अर्थ नाही. अर्ज ऑनलाइन भरायचे, ओटीपी आला की सांभाळायचा, एवढं त्यांच्याकडे दिलं तर ती आनंदाने करतात. हे सुचायला ज्येष्ठांना बराच वेळ लागला.

मी बसलेल्या शेवटच्या बैठकीत अकरा नंबरच्या घरावरून वाद झाला. नवरा दारू पितो, काम सोडतो, चिठ्ठीवर आणलेलं तेल एकदा त्याने विकलं. बँकेतले अधिकारी म्हणाले, मदत थांबवा, आपण त्याच्या बाटलीचे पैसे भरतोय. मुख्याध्यापक म्हणाले, थांबवली तर जेवणार नाहीत ती पोरं. अध्यक्षबाईंनी कोणाचंच म्हणणं खोडलं नाही. चिठ्ठी यापुढे बायकोच्या नावाने निघेल, तेल-डाळ एकदम न देता आठवड्याला थोडी थोडी मिळेल, आणि नवऱ्याला व्यसनमुक्तीच्या बैठकीला नेता येतं का हे रिक्षावाले काका बघतील. "मी काय, दोनदा नेऊन बघितलाय," काका म्हणाले. "तिसऱ्यांदा बघा," बाई म्हणाल्या आणि बारा नंबरचं पान उघडलं.