हे सांगतो कोण? : पदवीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थी आणि माहितीची पारख

बारावीपर्यंत क्रमिक पुस्तक हाच अंतिम शब्द असतो. पदवीच्या पहिल्या वर्षी प्रकल्प लिहावयाचा म्हटले, की मुलांपुढे इंटरनेटवरील असंख्य पाने उभी राहतात. मोबाइल सराईतपणे हाताळणाऱ्या मुलांना त्यांतील खरेखोटे आपोआप कळते, असा अनेक पालकांचा समज आहे. आम्हांस तो मान्य नाही.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग व सारा मॅग्रू यांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २५ पदवी विद्यार्थी, १० इतिहासकार व १० व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना शाळेतील दादागिरीविषयीचे दोन लेख इंटरनेटवर दाखविण्यात आले. एक 'अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स' या १९३० साली स्थापन झालेल्या, साठ हजारांहून अधिक सभासदांच्या संस्थेचा होता. दुसरा 'अमेरिकन कॉलेज ऑफ पीडिअ‍ॅट्रिशियन्स' या २००२ साली तिच्यातून फुटलेल्या लहानशा गटाचा. समलिंगी जोडप्यांनी मूल दत्तक घेण्यास अ‍ॅकॅडमीने दिलेला पाठिंबा हे या फुटीचे कारण. (त्या वादात ख्रिस्तसभेची भूमिका काय, हा येथे प्रश्न नाही. आपल्या मताशी जुळणारा मजकूर तर अधिकच पारखून घ्यावा लागतो.)

बहुसंख्य विद्यार्थ्यांनी दुसरा लेख अधिक विश्वासार्ह ठरविला. नाव भारदस्त, मांडणी नेटकी, शेवटी संदर्भांची यादी. त्यांस एवढे पुरले. इतिहासकारांपैकीही अनेकांना दोन्ही लेख सारखेच वाटले. तथ्यतपासनीस मात्र एकही चुकला नाही. ते समोरच्या पानात गुंतून राहिले नाहीत. लगेच ते सोडून, ही संस्था कोण, तिच्याविषयी इतरत्र काय लिहिले आहे, हे त्यांनी शोधले. थोड्याच वेळात त्या फुटीचा इतिहास त्यांच्या हाती लागला.

लक्षपूर्वक वाचा, असे आपण मुलांना शिकवितो. येथे वाचण्याआधी बोलणारा कोण, हे विचारावयाचे असते. मराठी विश्वकोशातील नोंदींखाली लेखकाचे नाव असते, ते याचसाठी महत्त्वाचे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना विचारावे, तर ती कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकाचे नाव लेखकासह ठामपणे सांगतात. असा संदर्भ प्रकल्पात उतरविण्यापूर्वी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाऊन ते पुस्तक खरोखर आहे काय, हे पाहावे. ग्रंथपालांना विचारण्यास मुले संकोचतात. पालकांनी हा संकोच पहिल्याच सत्रात मोडून द्यावा.